उपग्रह शोधत आहे…

बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना आमच्या मित्राच्या हातात जीपीएस होतं. दोन्ही बाजूंना कातळ, वर आभाळाची चिंधी आणि पडद्यावर 'उपग्रह शोधत आहे'. मग उपचार सुरू झाले: यंत्र हलवून पाहिलं, सेल चोळले, बंद करून चालू केलं. शेवटी हात उंच करून आळवणी. २०,२०० किलोमीटरवरचा उपग्रह दीड फूट जवळ आल्याने जणू पावणारच होता!

यंत्राचं मागणं साधं असतं: मोकळं आभाळ आणि किमान ४ उपग्रह. बरेच दिवस बंद असेल, तर उपग्रहांचं अख्खं पंचांग उतरवून घ्यायला त्याला १२ मिनिटं ३० सेकंद लागतात. तेवढा वेळ उघड्यावर स्वस्थ बसायचं. पण स्वस्थ बसणं कुठल्याच सेलवर चालत नाही.

वाटाड्याने विचारलं, "दादा, काय हरवलंय?"

"आपण कुठे आहोत, ते शोधतोय."

"नळीत," तो म्हणाला आणि चढू लागला.

तेव्हा यंत्र गावच्या पटांगणातच चालू करा. नळीत शिरल्यावर वाटाड्याच्या मागे चाला. त्याला सेल लागत नाहीत.