वर्गणी भरली, दर्शन बाकी

‘सबस्क्रिप्शन’ला मराठीत ‘वर्गणी’ हा शब्द रूढ आहे आणि तो मासिकाला जसा लागतो तसाच चौकातल्या गणपतीलाही लागतो. ही भाषेची काटकसर की दूरदृष्टी, असा वाद ज्या अभ्यासकांना घालायचा असेल त्यांनी २५ नोव्हेंबर २०२४ चा केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय अभ्यासावा. त्या दिवशी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी मिळाली. संशोधनपत्रिका, म्हणजे ज्या नियतकालिकांत शास्त्रज्ञ आपले नवे निष्कर्ष प्रथम मांडतात ती, घेण्यासाठी संस्था आजवर एकेकट्याने किंवा गटागटाने वेगवेगळ्या पावत्या फाडून घेत असत. ते बंद करून सरकारनेच सर्वांच्या वतीने एक ठोक पावती घ्यावी, असे ठरले. पावतीवरचा आकडा ६,००० कोटी रुपये, मुदत २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षे, प्रकाशक ३०, नियतकालिके सुमारे १३,०००, शासकीय उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था मिळून ६,३०० हून अधिक आणि त्यांतले विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक मिळून लाभार्थी सुमारे १.८ कोटी. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील विद्यार्थ्याला आणि पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्याला यापुढे एकच कपाट उघडे राहील, ही गोष्ट खरोखरच चांगली आहे आणि ती मान्य केल्यावाचून पुढचे काहीही लिहिणे कोतेपणाचे ठरेल.

तथापि वर्गणी म्हटली की हिशेब आला. गणेशोत्सव मंडळाच्या अर्थव्यवस्थेत मूर्तिकाराला मूर्तीचे पैसे मिळतात, मांडववाल्याला मांडवाचे मिळतात, ढोल-ताशा पथकाची सुपारी ठरलेली असते आणि वर्गणी न भरलेला शेजारीही आरतीला उभा राहून प्रसाद घेऊन जातो. कार्यकर्ते त्याच्याकडे फार तर जरा रोखून पाहतात. संशोधन-प्रकाशनाची रीत याहून प्रगत आहे. तिथे मूर्तिकार, म्हणजे संशोधक, मूर्ती फुकट घडवून देतो. माती, रंग आणि कारखान्याचे भाडे बहुतांशी करदात्याच्या पैशातून येते. मूर्ती शास्त्रोक्त झाली आहे की नाही हे गावोगावचे दुसरे मूर्तिकार येऊन, तेही फुकट, तपासतात आणि या तपासणीला ‘पीअर रिव्ह्यू’ असे भारदस्त नाव आहे. मग मांडवाचा मालक मूर्तीचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, आपल्या नावावर लिहून घेतो, मूर्तीपुढे पडदा सोडतो आणि दर्शनाला आलेल्या प्रत्येकाकडे, खुद्द मूर्तिकाराकडेसुद्धा, वर्गणी मागतो. हा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गॅमॉन प्रेसने भरभराटीला आणला. एका नियतकालिकाचे काम दुसऱ्याने भागत नाही, त्यामुळे किंमत वाढली म्हणून ग्रंथालयाला बाजारात दुसरे दुकान शोधता येत नाही, हे मर्म मॅक्सवेल यांना अचूक उमगले होते. १९९१ मध्ये पर्गॅमॉन ज्या एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली, तिच्या मालक कंपनीच्या अहवालांत संशोधन-प्रकाशन विभागाचा नफा उत्पन्नाच्या एक-तृतीयांशाहून अधिक दिसतो. मूर्ती फुकट, तपासणी फुकट, मांडवही आता कापडाऐवजी संगणकाच्या पडद्यावर. अशा स्थितीत नफा इतकाच कसा राहतो, हेच खरे तर संशोधनाला घेण्याजोगे आहे.

पडद्याचे स्वरूपही पाहण्यासारखे असते. विद्यापीठाबाहेरचा एखादा वाचक, समजा तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, सर्पदंशावरील एखादा लेख शोधत संकेतस्थळावर पोचला की त्याला शीर्षक दिसते, लेखकांची नावे दिसतात, सारांशाच्या दहा-बारा ओळी दिसतात आणि जिथे उपचाराची मात्रा सुरू व्हायची तिथे एक चौकट येते, जिच्यात चाळीस डॉलरच्या आसपासची किंमत आणि शेजारी खरेदीचे बटण असते. याला ‘पेवॉल’ म्हणतात, म्हणजे पैशाची भिंत. काही प्रकाशक लेख ४८ तासांपुरता भाड्यानेही देतात. साप चावलेल्या रुग्णाच्या मानाने ही मुदत पुरेशी आहे, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

या डॉक्टरला ‘वन नेशन’मध्ये जागा आहे काय, तर नाही, कारण या योजनेपुरते ‘नेशन’ म्हणजे १.८ कोटी लोक. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे धरली तर ६,००० कोटींची ही वर्गणी दरडोई वर्षाला चौदा रुपयांच्या आसपास येते, जी कोणत्याही गल्लीतल्या मंडळाला लाजवील इतकी माफक आहे. पण ती भरणाऱ्या दर शंभरांतल्या अठ्ठ्याण्णवांहून अधिक जणांना प्रसाद मिळत नाही. महाराष्ट्राने मोठ्या हौसेने उभारलेली खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयेही पहिल्या टप्प्यात मांडवाबाहेरच आहेत.

मांडवाच्या मागच्या बाजूला कनात वर करून आत डोकावायची एक सोय होती, ती ‘साय-हब’. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर कोट्यवधी लेख प्रकाशकांना न विचारता कोणालाही मिळत. हे कायद्याला धरून नव्हते, हे उघड आहे. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. अशा रीतीने ज्या वर्षी पुढच्या दाराची राष्ट्रीय वर्गणी सुरू झाली त्याच वर्षी मागची कनातही खिळ्यांनी ठोकली गेली. वर्गणी भरणाऱ्याला इतकी चोख सेवा मंडळांकडूनही मिळत नाही.

याच न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये वेगळा सूर लावला होता. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात पानामागे काही पैसे घेऊन पाठ्यक्रमाचे उतारे झेरॉक्स करून देणाऱ्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दावा लावला होता. तेव्हा शिकवण्याच्या ओघात केलेली अशी नक्कल १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते, असा निकाल लागला. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानापुरता हा देश ज्ञानाच्या बाजूने उभा आहे.

‘ओपन ॲक्सेस’ अर्थात मुक्त प्रवेश नावाचा आणखी एक मार्ग सांगितला जातो. त्यात वाचकाकडून काही न घेता लेख उघडा ठेवायचा असतो आणि २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून त्याचा पुरस्कार चालू आहे. प्रकाशकांनी त्याचे मनापासून स्वागत केले, ते असे की वाचकाची वर्गणी माफ करून ती लेखकावर बसवली. ‘नेचर’ने २०२१ मध्ये एका लेखासाठी ९,५०० युरो हा दर ठेवला, म्हणजे आता मूर्तिकारानेच मूर्तीसोबत मांडवाचे पैसेही आणून द्यायचे. याउलट जवळजवळ फुकटात होणारा उपाय भारताने २०१४ मध्येच लिहून ठेवला आहे: जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांच्या धोरणानुसार त्यांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा लेख संस्थेच्या स्वतःच्या डिजिटल भांडारात सर्वांसाठी ठेवला पाहिजे. धोरण आजही आहे. ते कोणी मोडलेले नाही, कारण मोडण्यासाठी आधी त्याचा वापर व्हावा लागतो.

पावतीची मुदत तीन वर्षे आणि कॉपीराइटच्या कुलपाची मुदत मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, हा या व्यवहारातला तपशील सहसा डोळ्यांत भरत नाही. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निधनाला १९९१ मध्ये पन्नास वर्षे झाली आणि विश्वभारतीचे हक्क हातचे जाऊ लागले, तेव्हा कायदा दुरुस्त करून सर्वांचीच कुलपे दहा वर्षांनी लांबवण्यात आली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. जुन्या कायद्याने त्यांची ‘श्यामची आई’ २००१ च्या आरंभी मुक्त झाली असती; गुरुदेवांच्या मानासाठी तिला २०११ पर्यंत थांबावे लागले. श्यामच्या आईने मुलाला सोसायला शिकवले होते, तेव्हा तिची याबद्दल तक्रार नसावी.

योजनेच्या आखणीत तिसरा टप्पाही आहे, ज्यात सार्वजनिक ग्रंथालयांत ठराविक ठिकाणी बसून सर्वसामान्य नागरिकाला ही नियतकालिके वाचता येतील. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात संध्याकाळी थोडा वेळ दार उघडते, वर्तमानपत्राचे एकेक पान चौघे वाटून घेतात आणि शेवटचे पान कोडे सोडवणाऱ्याकडे अडकून पडते. त्या खोलीत प्रथिनांच्या रचनेवरील नियतकालिक पोचेल तेव्हा ग्रंथपाल नेमाने आधी वर्गणीची वही पुढे करील आणि सर्पदंशवाला डॉक्टर तोवर जिवंत असला तर सही करील.