शाफ्ट उतरवणारा गृहस्थ

फोर बाय फोर पिकअप बाळगणाऱ्या शहरी पुरुषांत एक पोटजात अशी आढळते, की तिला गाडी चालवण्यापेक्षा गाडीखाली शिरणे अधिक मानवते. पुण्यात कोथरूड, बावधन, वारजे या पट्ट्यात ती विशेष वाढली. मुळशी, ताम्हिणी आणि राजमाचीची दगडगोट्यांची वाट तिथून एका दिवसात जाऊन येण्याजोगी. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पोट खुर्चीवरच्या नोकरीचे, शिक्षण बहुधा संगणकाचे. गाड्यांचे शिक्षण घेतलेला मनुष्य या जातीत सहसा सापडत नाही. तो आपली गाडी मुकाट्याने गॅरेजला देतो.

पिकअप म्हणजे कांदे-टोमॅटो मार्केट यार्डात नेणारी गाडी, ही जुनी समजूत. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली, आणि शहरातल्या काही घरांत ती समजूत पार मोडली. गृहस्थाच्या हौद्यात माल कधी चढत नाही. तिथे दोन घडीच्या खुर्च्या, एक फावडे, गाडी ओढायचा पट्टा आणि एक उंच जॅक असतो. जॅक चिखलाने माखलेला असतो, आणि तो धुवायला कोणालाही परवानगी नसते.

गिअरबॉक्सचे फिरणे मागच्या डिफरन्शियलपर्यंत पोचवणारी पोकळ पोलादी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स जागचा हलत नाही, मागचा अ‍ॅक्सल मात्र कमानपाट्यांवर सतत वरखाली होतो. म्हणून नळीच्या टोकांना क्रॉसचे सांधे असतात. गाडी लांब असली तर नळीचे दोन तुकडे करतात आणि मध्ये, चेसिसला टांगलेल्या रबरात, सेंटर बेअरिंग बसवतात. कोनात फिरणारा एकच सांधा प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा सांधा त्याच्याशी नीट जुळवून बसवला, तरच हा चढउतार खोडला जातो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या सांध्याचा अभ्यास केला, विसाव्याच्या आरंभी क्लॅरेन्स स्पायसरने अमेरिकेत तो मोटारीला बसवला. गृहस्थाला हा इतिहास तोंडपाठ असतो आणि तो साखरपुड्याच्या पंगतीतही सांगता येतो, असा त्याचा अनुभव आहे.

शाफ्टला इजा दोन प्रकारे होते. वर सांगितलेल्या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटरहून जास्त अंतर असते, त्यामुळे उंचवट्यावर गाडीचे पोट टेकते आणि नळीला पोचा पडतो. दुसरा प्रकार अधिक शूर. चाक हवेत गरगरत असताना चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो, चाकाला अचानक जमीन लागते, आणि सगळा झटका बिचाऱ्या क्रॉसवर येतो. गृहस्थाच्या सांगण्यात मात्र दगड आपल्या पायांनी चालत आलेला असतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय त्या कथेत येतच नाही.

अशा वेळी रानात मागचा शाफ्ट सोडवून हौद्यात टाकतात, फोर व्हील लावतात आणि नुसत्या पुढच्या चाकांवर घर गाठतात. शाफ्टचे पुढचे टोक गिअरबॉक्सात सरकून बसणारे असेल तर तिथून तेल वाहते, ते तोंड बंद करावे लागते. युक्ती जुनी आणि खरी आहे. गृहस्थाच्या आयुष्यात तिचे स्थान लग्नाच्या थोडे वर आहे.

दुरुस्तीचे ठिकाण म्हणजे सोसायटीचे पार्किंग. पत्नी एकदाच म्हणते, “अहो, गॅरेजवाल्याला देऊन टाका ना.” ती दुसऱ्यांदा म्हणत नाही, कारण उत्तरादाखल तिला स्पायसर ऐकावा लागतो. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली जाते. शाफ्ट निघाल्यावर गाडी गिअरमध्ये असली तरी मागची चाके मोकळी राहतात, म्हणून चाकांना अडण लावणे ही खरोखर महत्त्वाची बाब आहे. इथे टेल्कोतून निवृत्त झालेले काका प्रवेश करतात. असे एक काका पुण्याच्या प्रत्येक सोसायटीत असतातच. “चाकाला दगड लावलास का रे?” इथून ते सुरुवात करतात. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असायचा, मागचा शाफ्ट काढला की तोही जायचा, हे ते समजावून सांगतात. समोरची गाडी जीप नाही, याने त्यांना फरक पडत नाही.

सोडवण्याआधी फ्लँजवर आणि नळीवर खुणा करतात, म्हणजे सगळे होते तसेच परत बसते. खुणेसाठी पत्नीचे नेलपॉलिश वापरले जाते. ते नेमके महागाचे निघते. बोल्ट निघतात, शाफ्ट खाली येतो, आणि त्याचे वजन गृहस्थाला छातीवर कळते.

नवा क्रॉस नाना पेठेत मिळतो. गृहस्थ मोबाइलमध्ये पार्ट नंबर, तीन बाजूंनी काढलेले फोटो आणि एक तक्ता घेऊन जातो. दुकानदार त्यातले काहीच पाहत नाही, “जुना आणलाय का?” एवढेच विचारतो. जुना आणायला परत जावे लागते. गाडी स्टँडवर असल्यामुळे हे सगळे रिक्षाने होते, आणि रिक्षाचे भाडे वाचलेल्या पैशांच्या हिशेबात धरायचे नसते.

क्रॉस बसवणे हा विधीचा गाभा. क्रॉसच्या चार टोकांवर चार कप, प्रत्येक कपात आतून गोल उभ्या ठेवलेल्या बारीक सुया, आणि त्यांना धरून ठेवायला फक्त ग्रीस. कप व्हाइसमध्ये दाबत नेतात आणि आत गेला की खाचेत लॉक बसवतात. त्याआधी जुने लॉक काढायचे असते. ते पक्कडीतून सुटून दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांच्या अ‍ॅक्टिव्हाखाली जाते. तीन कप सुरळीत बसतात. चौथा थोडा बाहेर राहतो आणि खाच काही दिसत नाही. वॉचमन, ज्याचा भाऊ गावाकडे वडापची गाडी चालवतो, दुरूनच म्हणतो, “साहेब, सुई पडली आसंल आत.” त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. काकांच्या मते कपाच्या मापात फरक आहे. गृहस्थाला संशय, की क्रॉसला धरणारा यॉकच वाकला आहे. यावर दीड तास सखोल चर्चा होते, दोनदा चहा येतो आणि हातोडा मोठा होत जातो. शेवटी कप उपसून पाहतात तर एक सुई तळाशी आडवी पडलेली असते. वॉचमन त्या वेळी गेट उघडायला गेलेला असतो, हे सर्वांच्याच सोयीचे.

शाफ्ट परत चढतो, ग्रीसगनने निपलमधून ग्रीस भरले जाते, आणि गाडी बायपासवर नेली जाते. साठपर्यंत ती निमूट चालते. सत्तरला सीट गुणगुणू लागते, ऐंशीला आरसा. गृहस्थ आधी टायरांना दोष देतो, मग अलाइनमेंटला, मग रस्त्याला. नळीच्या पोच्याकडे तो सर्वांत शेवटी वळतो. कारण ते काम पार्किंगमध्ये होत नाही. त्यासाठी नळी कापून नवी जोडावी लागते आणि शाफ्ट मशीनवर फिरवून, जिथे हलका असेल तिथे लोखंडाचे छोटे तुकडे डकवून त्याचा तोल साधावा लागतो.

मग एका संध्याकाळी, काकांची फिरायला जायची वेळ टाळून, शाफ्ट चादरीत गुंडाळून भोसरीच्या एका वर्कशॉपात जातो. तिथला कारागीर यॉकवरच्या हातोड्याच्या खुणांवरून बोट फिरवतो आणि विचारतो, “हे कोणी ठोकलंय हो?”

आठवडाभर ऑफिसात, सासरी आणि मित्रांत ‘सगळं स्वतः केलं’ म्हणून सांगत हिंडलेला गृहस्थ म्हणतो, “आहे एक जण, कोथरूडला.”