बाजूला व्हा, मी उचलतो!

जुन्नर-आंबेगावच्या मुलखात घाम गाळणाऱ्यांचे दुर्भिक्ष कधीच नव्हते. परंतु दुसऱ्याचा घाम गळताना ज्यास पाहवत नाही आणि स्वतःचा गाळण्याचा सराव ज्यास मुळीच नाही, असा एक नमुना येथे गावोगाव आढळतो, आणि त्याचे दर्शन घ्यावयाचे तर आमच्या तात्यांकडे पाहावे.

तात्यांची उभी हयात तहसील कचेरीत फेरफारांची दप्तरे चाळण्यात गेली. तथापि नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट टेम्पोत चढताना दिसोत, की कुणाच्या लग्नात पाण्याची पिंपे हलविण्याचा प्रसंग येवो, तात्या धोतराचा काचा मारून ‘बाजूला व्हा, मी उचलतो!’ अशी गर्जना करीत पुढे सरसावणारच. हमाल बिचारा अदबीने बाजूस होतो. तो स्वतः उचलतो तेव्हा पाय फाकवून गुडघ्यांत बसतो, क्रेट छातीशी ओढून घेतो, मांड्यांच्या बळावर उठतो आणि वळावयाचे तर पाऊल वळवितो, कंबर नव्हे. तात्या मात्र गुडघे ताठ ठेवून कंबरेतून वाकतात, वीस किलोंचा तो ऐवज अंगापासून हातभर लांब धरतात आणि त्याच अवस्थेत टेम्पोकडे गर्रकन कंबर पिळतात. ओझे अंगापासून जितके दूर, तितका कण्यावरील ताण अधिक, हा तरफेचा नियम कोणत्याही कचेरीच्या हुकुमाने तहकूब होत नसल्यामुळे, क्रेट टेम्पोत पोचण्यापूर्वीच तात्यांच्या कंबरेत उसण भरते.

यानंतर तात्यांचा खरा दरबार भरतो. कुणी आंबेहळदीचा लेप सुचवितो, कुणी कढत तेलाने रगडावयास बसतो. आणि ही मंडळी थकली म्हणजे गावातील पायाळू मनुष्याचा शोध सुरू होतो, कारण जन्मतः पायांनी आलेल्याची लाथ पाठीस लागली की उसण पळते, अशी आपल्याकडे पिढीजात समजूत आहे. तात्यांनी अशा तीन लाथा सश्रद्ध अंतःकरणाने स्वीकारल्या. उसण काही पळाली नाही. अखेर डॉक्टरांनी सांगितले, की ताज्या दुखापतीस रगडू नये, पहिले एकदोन दिवस थंड शेक द्यावा, अंथरुणास मात्र खिळून राहू नये, झेपेल तितके हिंडावे. पायास मुंग्या येऊन बळ गेले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे.

बरे होताच तात्यांनी नातवास खांद्यावर घेऊन लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या एका दमात चढण्याचा संकल्प सोडला. डोलीवाले वाटेत खांदा पालटीत होते, टेकत होते, पाणी पीत होते; तात्यांनी त्यांना हसून मागे टाकले आणि गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन तितक्याच आवेशाने उतरले. त्या दिवशी काहीच झाले नाही, याची फुशारकी त्यांनी सायंकाळी मारली. दुसऱ्या दिवशी अंग असे आंबले, की ओट्यावरून उतरण्यास दोन माणसे लागली. उतरताना ताणले जात असतानाच स्नायूंना भार तोलावा लागतो आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिचे दुखणे एकदोन दिवसांनी जोर धरते व बहुधा आपोआप निवते. मात्र अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते अंग आंबणे नसून मूत्रपिंडावरील संकट असू शकते. तेथे घरगुती लेप उपयोगी नाही.

श्रम ही कला आहे आणि ज्याचे पोट तिच्यावर चालते त्याने ती हाडामांसाने शिकलेली असते, एवढे जरी तात्यांस उमगते तरी पुष्कळ झाले असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाच्या ओझ्यास ५५ किलोंची मर्यादा सुचविली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी व हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला. तात्यांसारख्या हौशी हमालांना आवरणारा कायदा मात्र अद्याप झालेला नाही; सबब तो होईपर्यंत वाचकांस विनंती, की उचलावयाचेच असेल तर आधी गुडघे वाकवावेत, आणि शेजारी हमाल उभा असेल तर त्याची मजुरी मुकाट्याने द्यावी; ती औषधोपचारापेक्षा स्वस्तच पडते.