बदकाला चोच वेफर्सची

मेलबर्न,
मार्चअखेर

तीर्थरूप आई-बाबांस,


नातीच्या वाढदिवसाच्या केकचे फोटो पाठवल्यापासून घरून तीन निरोप आले. आईचा, "कोंबडीला वेफर्स का चिकटवलेत?" बाबांचा, "प्रजाती ओळखता आली नाही." दादाने तर नुसतेच हसून हसून रडणारे चेहरे धाडले. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. ते बदक आहे. वेफर्स ही त्याची चोच. आणि ती तशीच असावी लागते. इथे वाढलेल्या चाळिशीतल्या कुणालाही विचारा, तो डोळे मिटून सांगेल की बदकाला चोच वेफर्सची आणि डोक्यावर तुरा पॉपकॉर्नचा.

हे सगळं एका पुस्तकापायी. 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली'वाल्यांनी १९८० साली मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर आगगाडी, आत जेलीने भरलेला पोहण्याचा तलाव आणि नाना तऱ्हेचे प्राणी. पुस्तकाची खुबी अशी की साखरेची फुलं वळण्याचं कसब कुणाकडे मागतच नाही. वाण्याकडून आणलेल्या वस्तूंवर सगळा कारभार. खोबऱ्याचा कीस हिरवा रंगवला की झाली हिरवळ. काळी चिवट लिकरिश कापली की झाल्या भुवया. आणि चोच कशी करायची हा गहन प्रश्न पडला, तर वेफर्सचा पुडा फोडायचा. ज्यांनी हे केक लहानपणी खाल्ले, तेच आता आपल्या पोरांसाठी मध्यरात्री लोणी फेसत बसतात.

तुमच्या नातीला मात्र हे ज्ञान पुस्तकातून झालं नाही, टीव्हीवरून झालं. 'ब्लूई' नावाची मालिका आहे, ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्या एका कुत्र्यांच्या कुटुंबाची. त्यात एक अख्खा भाग या बदकाच्या केकवर आहे आणि तो करता करता बाप कुत्रा मेटाकुटीला येतो. कन्येने तो भाग पाठ केला आणि जाहीर केलं, "माझा केक बाबाच करणार." मी देवापुढे साखर ठेवली. जावईबापूंनी लॅपटॉप उघडला.

बाबा, तुमचे जावई पूल बांधणाऱ्या कंपनीत आहेत हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांनी बदकाचा आराखडा काढला. वरून दिसणारं बदक, बाजूने दिसणारं बदक आणि मानेवर भार किती येईल त्याचं गणित. मग मला चमच्यावर व्याख्यान झालं. इथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, अमेरिकन पाककृतीतला १५चा, तेव्हा कुठल्या देशाची कृती वाचतो आहोत हे आधी ठरवायचं. मी म्हटलं, आमच्या आईचा चमचा डब्यात असेल तेवढ्या मापाचा असतो आणि तिचं काही अडत नाही. त्यांनी ते टिपून घेतलं नाही.

मधे एकदा कन्येचं मन हत्तीवर गेलं. हत्ती निळा हवा. लोण्यात पिठीसाखर फेसून जे वरचं क्रीम करतात, ते मुळात पिवळसर. त्यात निळा घातला की हिरवा होतो. जावयांनी वाटीभर क्रीमवर प्रयोग करून दाखवला. कन्येने वाटीत डोकावून म्हटलं, "हा हत्ती आजारी आहे." पुन्हा बदकावर एकमत झालं. लोण्याचं आणि बदकाचं रंगाच्या बाबतीत जन्मतःच जमतं. पाण्यासारख्या पातळ रंगाने क्रीम सैल पडतं म्हणून घट्ट जेलवाला रंग आणला. तो काडीच्या टोकावर येईल इतकाच पुरला.

आता आईचा खरा प्रश्न. हो, केक बिनअंड्याचाच होता. वर्गातल्या एका मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे तुझं सोवळं इथे वैद्यकीय कारणाने पाळलं गेलं. ३९५ ग्रॅमचा कन्डेन्स्ड मिल्कचा डबा, लोणी, दूध, आधीच बेकिंग पावडर घातलेला इथला सेल्फ-रेझिंग मैदा आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर. शेंगदाणे, बदाम, काजू घरातच नकोत असं ठरलं, कारण पाहुण्यांत दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेलं लेकरूही होतं. जेली आणि मार्शमेलो बाद, कारण त्यात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं. आमचे शाकाहारी शेजारी आणि हलाल पाळणारी मैत्रीण दोघांचीही पंचाईत. लाल गोळ्यांच्या पाकिटावर १२० आकडा दिसला की तेही परत फळीवर, कारण तो रंग किड्यांपासून काढतात. दुकानात मी चष्मा लावून पाकिटं वाचत उभी होते. शेवटी सगळ्या धर्मांना, पथ्यांना आणि आजारांना चाललं काय, तर बटाट्याचे खारे वेफर्स. पुस्तकवाल्यांना १९८०मध्येच हे कसं सुचलं कोण जाणे!

केक भाजून झाला की लगेच कापायचा नाही. रात्रभर फ्रीझरमध्ये घट्ट करायचा. बिनअंड्याचा केक तर फारच भुसभुशीत, गरम असताना सुरी लावली की भुगाच हाती यायचा. सकाळी जावयांनी दातेरी सुरीने त्याचं बदक कोरलं. कापलेल्या कडांचा चुरा वरच्या क्रीममध्ये मिसळू नये म्हणून आधी पातळ क्रीमचं अस्तर द्यायचं, ते फ्रिजमध्ये गोठलं की मग खरा रंग. अस्तर देऊन झाल्यावर त्या बदकाला जी अवकळा आली होती, ती पाहून कन्या हळूच म्हणाली, "बाबा, आपण खडक म्हणूया का?" पण पिवळा हात फिरला, डोळे बसले, पॉपकॉर्नचा तुरा चढला आणि खडक उडायला तयार झाला. मान किंचित डावीकडे कलली होती. गणितात उजवीकडचा वारा धरला नव्हता म्हणे.

आई, तू विचारशील की विकतचा का नाही आणला? मिळतो. हवा तो प्राणी, अगदी काचेसारखा गुळगुळीत. पण गंमत ऐक. गेल्या महिन्यात एका वाढदिवसाला असा विकतचा घोडा होता. सगळ्यांनी "सुंदर" म्हटलं आणि पुढे गेले. आमच्या कललेल्या बदकाभोवती मात्र आईबाप जमले. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी आपल्या फोनमधले स्वतःच्या हातचे वाकडे ससे, चपटी अस्वलं काढून दाखवली. तुझ्याकडे एखादा मोदक वाकडा झाला की "खालच्या थरात ठेव गं" असं म्हणतेस. इथे वाकडं ते टेबलाच्या मधोमध मांडतात, कारण त्याच्यावरून कळतं की पोराच्या बापाने जागरण केलंय. सुबक केकाचं बिल दुकानाला पोचतं, बेढब केकाचं श्रेय घरच्यांना. मला आधी हे खुळ्यांचं गाव वाटलं होतं. आता वाटतं, आपणही एखादा वाकडा मोदक वरच्या थरात ठेवायला हरकत नाही. सत्यनारायणाला नको, पण घरच्या घरी.

समारंभ बागेत होता. इथल्या बागांतून नगरपालिकेच्या फुकटच्या विजेच्या शेगड्या असतात, त्यावर लोक सॉसेज भाजतात. आम्ही पनीर भाजलं. सकाळी घरी औक्षण उरकलं होतं, सुपारी आणि अंगठीसकट, त्यामुळे मेणबत्त्या फुंकण्याबद्दल आईने जीव जाळू नये. ऊन कडक होतं. लोण्याचं बदक गाडीत एसीच्या झोताखाली, मी ते मांडीवर धरून, आणि जावई अशा गतीने चालवत होते की मागच्याने दोनदा हॉर्न दिला. इथे हॉर्न म्हणजे शिवीच.

क्रीमच्या ओलाव्याने वेफर्स मऊ पडतात, म्हणून चोच अगदी शेवटी, जागेवरच बसवायची असते. तशी बसवली. सगळे फोटोला उभे राहिले. तेवढ्यात वरून एक सीगल आला, चोच उचलली आणि निघून गेला. बदकाची चोच पक्ष्याने नेली! पोरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, जणू भाडं देऊन कार्यक्रम ठेवलाय. सोनेरी साखरेची चोच गेली असती तर मोठ्यांना जेवढं दुःख झालं असतं, तेवढं मात्र काही झालं नाही. सुटा भाग पुड्यात शिल्लक होता. जावयांनी दुसरी चोच बसवली आणि शेजारच्या आजोबांना हातात वर्तमानपत्र देऊन पहाऱ्याला उभं केलं.

मग आली कापायची वेळ. सुरी हातात आणि समोर बदक डोळे रोखून बघतंय. कन्येचा ओठ थरथरला. कोहळ्याला जसा पहिला घाव पुरुषाने घालायचा, तसं सगळ्या बायकांनी जावयांकडे पाहिलं. त्यांनी शेपटीकडून सुरुवात केली आणि मानेपर्यंत पोचेस्तोवर पोरांना कणव उरली नव्हती. "मला डोळा", "मला पाय", "मला पंखाचा कोपरा" अशी नुसती झुंबड. पाय केकला नव्हतेच, पण मागणाऱ्याला तेही मिळाले. चोच कन्येने स्वतः खाल्ली. उरलेलं कागदी रुमालात बांधून घरोघर गेलं.

आता पुढच्या वर्षाची ऑर्डर ऐका. तुमच्या नातीला अकिडना हवा. बाबा, तुम्हीच तिला फोनवर सांगितलंत ना की हा काटेरी प्राणी सस्तन असून अंडी घालतो? तेव्हापासून ती ज्याला त्याला सांगते. म्हणजे अंडी घालणारा प्राणी, बिनअंड्याच्या केकचा. बाबांनी शरीररचना तपासायची, आईने काटे घालायचे. आईचा पितळी सोऱ्या आणि चांदणीची चकती येताना बॅगेत टाका. त्यातून क्रीमचे काटे झकास पडतील. फक्त सोऱ्या नीट घासून आणा. आत भाजणी चिकटलेली राहिली, तर इथल्या विमानतळावरची मंडळी ती फार बारकाईने बघतात.

बाकी सर्व क्षेम. दादाला म्हणावं, हसणं पुरे, केकचं पातेलं तू येऊन घास.

तुमची,
धाकटी

ता. क. जावईबापू विचारतात, अकिडनाला काटे किती असतात? त्यांनी आराखडा सुरू केला आहे.