बेस थांबतो कधी, ते ऐका

हेडफोनच्या पेटीवर ‘डीप बेस’ छापलेलं असतं, ‘पॉवर बेस’ छापलेलं असतं. तो बेस थांबतो कधी, हे एकाही पेटीवर छापलेलं नसतं. खरेदी करताना विचारण्यासारखा प्रश्न मात्र तेवढाच आहे. ठोका छातीत जाणवला पाहिजे, हे मान्य. पण पुढचा ठोका पडायच्या आत पहिला संपला पाहिजे. तो संपत नसेल, तर पैसे देऊन तुम्ही घरघर घरी आणली आहे.

बेस आवडणं म्हणजे कान कच्चा असणं, असं मानणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. ढोल-ताशा, हलगी, संबळ, पखवाज यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला खर्जाची ओढ असणारच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझं भांडण बेसशी नाही. बेसच्या नावावर जो चिखल विकला जातो, त्याच्याशी आहे.

कीर्तनाआधी पखवाजी काय करतो ते पाहा. डाव्या पुडीवर तो ओली कणीक थापतो. थोडी लावतो, वाजवून बघतो, आणखी लावतो, बोटानं थोडी काढतो. कणकेच्या वजनानं डावा सूर खाली येतो, भरीव होतो. कणीक कमी पडली तर ठोका पोकळ वाटतो. जास्त झाली तर आवाज बसतो, सूर हरवतो, नुसती धप्प उरते. पखवाजी त्या दोन टोकांच्या मधली जागा शोधत असतो. स्वस्त हेडफोन बनवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कणकेचा अख्खा गोळाच थापून मोकळे होतात.

हा गोळा नेमका कुठं पडतो, ते सांगतो. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. त्यातला २० ते ६० हर्ट्झचा भाग सर्वांत खोल; तो कानापेक्षा अंगाला जास्त कळतो. त्याच्या वर १०० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ठोक्याचा दणका. त्याहून वर, २५०-३०० हर्ट्झपर्यंत, आवाजाची ऊब आणि जाडी. आता पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे १०० ते ३००चा पट्टा फुगवला की गायक फुगतो, निवेदक पिंपात बसून बोलतो, आणि ढोलकी-तबला एकमेकांत कालवले जातात. शिवाय खालचा मोठा आवाज त्याच्या वरचे बारीक आवाज झाकून टाकतो. कानाची घडणच तशी आहे. तरीही कंपन्या हाच पट्टा फुगवतात. कारण खरा खोल बेस काढायला मेहनत लागते, आणि हा फुगवटा सोपा असतो. दुकानात अर्धा मिनिट ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पहिल्या फटक्यात भारी वाटतो. घरी तासभर ऐकल्यावर डोकं जड होतं, तोवर बिल झालेलं असतं.

दुसरी दिशाभूल मिलिमीटरची. ‘४० एमएम ड्रायव्हर’, ‘५० एमएम ड्रायव्हर’. गिऱ्हाईक आकडा बघतं आणि मोठा घेतं. सोनीनं आपल्या सर्वांत वरच्या वायरलेस मालिकेत एक्सएम४ला ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर दिला होता. २०२२ साली एक्सएम५ आणताना तो ३० मिलिमीटरचा केला. बेस काही गायब झाला नाही. हा आकडा म्हणजे ड्रायव्हरमधल्या, आवाज काढणाऱ्या पडद्याचा व्यास, आणि ती एक गोष्ट झाली. पडदा कशाचा, चुंबक केवढं, मागच्या कपात हवा कशी खेळते, यावर बाकी सगळं ठरतं, आणि त्यातलं काहीच पेटीवर नसतं. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा आकडाही असाच पोकळ. त्या पल्ल्यात आवाज किती डेसिबलनं वरखाली होतो, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. २० हर्ट्झचा सूर ऐकूही येणार नाही इतका क्षीण निघाला, तरी पेटीवर तो आकडा दिमाखात बसतो.

बेस कुठून येतो? फटीतून जातो, हे आधी लक्षात ठेवा. कान आणि कप यांच्यात एक छोटी बंद जागा तयार होते आणि पडदा तिथली हवा दाबतो. जागा बंद असते म्हणूनच एवढासा पडदा २०-३० हर्ट्झपर्यंत उतरू शकतो. तोच खर्ज खोलीत काढायला भलामोठा स्पीकर लागतो. बारीक फट पडली की दाब निसटतो, आणि सर्वांत आधी खालचे सूर जातात. चष्म्याची काडी, कानावरचे दाट केस, रुमाल, जबड्यापाशी न टेकणारा कप, यांतलं काहीही पुरतं. महागड्या हेडफोनचा बेस चष्म्याची एक जाड काडी खाऊन टाकते. त्यामुळे हेडफोन मित्राच्या डोक्यावर कसा वाजला याला फारसा अर्थ नाही. तो तुमच्या डोक्यावर, तुमच्या चष्म्यासकट वाजला पाहिजे.

याची परीक्षा सोपी आहे. गाणं चालू ठेवा आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच कानांवर दाबा. बेस एकदम वाढला तर समजा की हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही. तो खाली ठेवा. पुढे कपाची गादी मऊ पडेल, बसेल, असं विक्रेता म्हणेल. त्या आशेवर पैसे देऊ नका.

इथंच आणखी एक फसगत होते. फोटोत मोठे दिसणारे बरेच हेडफोन कानावर टेकणारे असतात, कानाभोवती बसणारे नसतात. सोनीचा सीएच५२० कानावर टेकतो, सीएच७२०एन कानाभोवती बसतो. नावं भावंडांची, बैठक वेगळी. बेससाठी कानाभोवती बसणारा आणि मागून बंद असलेला कप घ्या. मागून उघडे हेडफोन गाण्याला सुंदर मोकळेपणा देतात, पण कमी किमतीत त्यांचा खोल बेस बहुधा पातळच असतो.

‘जास्त पैसे टाका, चांगला बेस मिळेल’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो कॉलेजच्या पोरांना उगीच कर्जात ढकलतो. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ साली २८३ हेडफोनांची मापं तपासली. आवाजाचा तोल आणि किंमत यांचा संबंध त्याला सापडला नाही. महाग वस्तूत बांधणी, आराम, गोंगाट कापण्याची ताकद मिळते, हे खरं. तोल मिळेलच असं नाही. तिकडे शॉन ऑलिव्ह आणि हर्मन कंपनीतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं साध्या आणि तयार अशा दोन्ही श्रोत्यांना हेडफोन ऐकवले. बहुतेकांना बेस थोडा उचललेला, पण गायकाच्या पट्ट्याला धक्का न लावणारा असा आवडला. काहींना त्याहून जास्त हवा होता, काहींना कमी. म्हणजे बेसचं प्रेम हा रोग नाही, आणि बेताचा बेस ही फक्त जाणकारांची मिरास नाही.

मग घ्यायचं काय? बसल्या जागी ऐकणार असाल तर वायरचा घ्या. हे मी आग्रहानं सांगतो. वायरलेसच्या किमतीत बॅटरी, ब्लूटूथची चिप, माइक, चार्जिंगचं सर्किट असे सगळे वाटेकरी असतात. वायरच्या हेडफोनात तोच पैसा पडदा, कप आणि गादीवर जातो. ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स हा स्टुडिओत वापरला जाणारा बंद हेडफोन बेस न फुगवता देतो. एकेजीचा के३७१ हर्मनच्या चाचण्यांत बहुतेकांना आवडलेल्या त्या तोलाच्या बराच जवळ आहे आणि खरोखर खोल उतरतो, मात्र चष्मेवाल्यांनी आधी डोक्यावर घालून बघावा, फटीबाबत तो हळवा आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० घ्यायचा झाला तर ओहम, म्हणजे विद्युतरोध, बघा. ३२, ८० आणि २५० अशा आवृत्त्या आहेत, आणि २५०वाला थेट फोनला जोडला तर पुरेसा मोठा वाजत नाही. हे तिन्ही बजेटबाहेर असतील तर चांगल्या स्थितीतला वापरलेला बघा. वायरच्या हेडफोनात मरणारी बॅटरी नसते, त्यामुळे जुना घेण्यात धोका कमी.

रोज एसटी, लोकल किंवा पीएमपीत ऐकणार असाल तर गणित बदलतं. इंजिनाची घरघर खालच्याच पट्ट्यात असते आणि ती बेस गिळते. गोंगाट कापणारे हेडफोन नेमकी ही खालची, सतत चालणारी घरघर सर्वांत चांगली कापतात. तिथं थोडे जास्त पैसे टाकणं योग्य आहे, पण इक्वलायझरचं ॲप असलेलाच घ्या. साउंडकोअरचा लाइफ क्यू३० मुळात बेसकडे बराच झुकलेला आहे. ॲपमध्ये खाली आणला की पुष्कळ सुधारतो.

इक्वलायझर ही फुकट मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट, आणि सर्वांत वाईट वापरली जाणारी. ‘बेस बूस्ट’चं बटण दाबू नका, ते बहुधा खोल बेसबरोबर चिखलाचा पट्टाही उचलतं. ६० हर्ट्झच्या खाली तीन-चार डेसिबल वाढवा आणि २००च्या आसपास दोन-तीन कमी करा. खोली वाढेल, चिखल कमी होईल. जेवढं वाढवलं तेवढं एकूण पातळीतून, म्हणजे प्रीॲम्पमधून, कमी करायला विसरू नका. नाहीतर आवाज फाटेल आणि दोष हेडफोनच्या माथी जाईल. अँड्रॉइडवर वेव्हलेट आहे, विंडोजवर इक्वलायझर एपीओ आहे. ऑटोइक्यू या मुक्त प्रकल्पात शेकडो हेडफोनांच्या तयार दुरुस्त्या आहेत. फक्त एक लक्षात असू द्या: फटीतून गेलेला बेस इक्वलायझर परत आणत नाही.

दुकानात ऐकताना विक्रेत्याचं गाणं नको. ते त्या हेडफोनला साजेसं निवडलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, आपली गाणी फोनमध्ये घेऊन जा. त्यात तबल्याचं एकलवादन हवंच. शाईमुळे तबल्याचे वरचे सूर मूळ सुराशी जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. म्हणजे आपलं तालवाद्य नुसतं आदळत नाही, सुरात बोलतं. म्हणून झाकीर हुसेन यांचा डग्गा लावा. मनगटाच्या दाबानं घुमारा खालून वर सरकतो ती मींड ऐका. ती अखंड, गुळगुळीत चढत गेली पाहिजे. मधे एखाद्या जागी आवाज अचानक फुगला तर तिथं कणकेचा गोळा आहे. मग बेस गिटार ठळक असलेलं गाणं लावा. त्या गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. चाल ओळखू येते की सगळे सूर एकाच हुंकारात बुडतात? बुडत असतील तर पुढचा हेडफोन मागा. शेवटी बातम्या लावा. निवेदकाला सर्दी झाल्यासारखी वाटली तर निर्णय झाला.

आणि हे सगळं बेताच्या आवाजात ऐका. आवाज लहान असला की कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. म्हणूनच पातळ बेसचा हेडफोन घेतलेला माणूस आवाज वाढवत सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते. १० डेसिबल वाढले की ३६ तास गेले. बेस बेताच्या आवाजातही भरपूर वाटतो असा हेडफोन तुमचा कान वाचवतो, आणि गेलेला कान कुठल्याच दुकानात मिळत नाही. पोराला हेडफोन घेऊन देणाऱ्या आईबापांनी पेटीवरच्या ‘लाउड’ या शब्दाला भुलू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिली गादी. बहुतेक स्वस्त हेडफोनांना नकली चामड्याची गादी असते. घाम आणि दमट हवा यांत ती तडकते, तिचे काळे पापुद्रे कानाला, कॉलरला चिकटतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात हे लवकर होतं. पापुद्रे निघाले, आतला फोम चपटा झाला की फट पडते आणि बेस निघून जातो. लोक म्हणतात ‘हेडफोन उतरला’, आणि नवा घेतात. ड्रायव्हर ठणठणीत असतो. नवी गादी घातली की बेस परत येतो. मात्र ती मूळ मापाची आणि तितक्याच जाडीची हवी, नाहीतर आवाजाचा तोल बदलतो. म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवर विचारा: याच्या गाद्या सुट्या मिळतात का, आणि केवढ्याला? उत्तर ‘नाही’ असेल तर पेटीवर काहीही छापलेलं असो, ती परत करा आणि ज्याच्या मिळतात तो हेडफोन दाखवायला सांगा.