फी भरून सतरंज्या

आपल्याकडे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता निदान फुकट उचलतो. वर वडापाव मिळतो. अमेरिकी विद्यापीठांतली काही मुलं मात्र उन्हाळ्यात लंडनला जाऊन ब्रिटिश खासदाराच्या ऑफिसात राबण्यासाठी चक्क फी भरतात आणि बदल्यात अभ्यासक्रमाचं क्रेडिट घेतात. काम काय? खासदारांच्या कचेऱ्या असलेल्या पोर्टक्युलिस हाउसमध्ये बसून मतदारांच्या घरांच्या, खड्ड्यांच्या तक्रारींना ‘आपले पत्र मिळाले’ छापाची नम्र उत्तरं लिहायची. (खड्डे तिथेही आहेत, हे ज्ञान काही थोडं नव्हे!) त्यात जुलै सरता सरता संसदेला सुट्टी लागते, ती थेट सप्टेंबरपर्यंत. तरी बायोडेटावर ‘धोरणनिर्मितीचा अनुभव’ झळकतोच. पालकहो, पोराला राजकारणच शिकवायचं असेल तर वॉर्डातल्या नगरसेवकाकडे धाडा. व्हिसा लागत नाही.