अण्णांचा ड्रॉपर

अण्णा चिंचवडच्या टूलरूममधून रिटायर झाले, पण त्यांचा व्हर्नियर काही रिटायर झाला नाही. भाजीवालीची भेंडी असो की सुनेची पोळी, आधी माप, मग मत. हल्ली आठवड्यातून तीन दिवस ते चाकणला सल्लागार म्हणून जातात, म्हणजे गेटसमोरच्या टपरीवर बसतात.

सप्टेंबरात सोसायटीची सहल कासला गेली. बाकीची मंडळी फुलांपुढे सेल्फी काढत होती, अण्णा मात्र पालथे पडून सीतेची आसवं नावाची फुलं बघत होते. खिशातून व्हर्नियर निघाला तशी राखणदाराची शिट्टी वाजली.

“काका, हात लावू नका.”

“हात कुठं लावतोय? व्हर्नियर लावतोय!”

परतीच्या बसमध्ये शेजारची सीट माझ्या नशिबी आली. खंबाटकी उतरेपर्यंत ते दवबिंदू या किडेखाऊ झाडाबद्दल बोलत होते. केसांच्या टोकाला चिकट थेंब, माशी बसली की केस वाकून तिला धरतात, मग रस सुटतो आणि पचन. “फिक्स्चर उत्तम,” अण्णा म्हणाले, “पण सायकल टाइम फार.” जीव जडला होता तो सीतेच्या आसवांवर.

“वरचं जांभळं फूल म्हणजे नुसतं रिसेप्शन. शॉपफ्लोअर खाली, चिखलात. टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या. आतलं पाणी उपसून पिशवी आवळून बसते. दाराच्या केसाला किडा लागला की दार उघडतं, पाण्यासकट किडा आत. सेकंदाच्या हजाराव्या भागात! मोटर नाही, वीजबिल नाही. पुन्हा पाणी उपसायला अर्धा तास, की मशीन तयार.”

“पण झाडाला किडे कशाला हवेत?”

“सड्यावरच्या मातीत नायट्रोजन कुठंय? जुना सप्लायर माल देईना, म्हणून नवा व्हेंडर डेव्हलप केला.” 2012 साली युनेस्कोने कासला जागतिक वारशात घेतलं, हे त्यांच्या मते आयएसओच्या वरचं सर्टिफिकेट.

सोमवारी टपरीवर माझ्या कटिंगमध्ये चिलट पडलं. मी कप ओतणार तोच अण्णांनी शाई भरायचा जुना ड्रॉपर काढला, रबर दाबलं, टोक चहात बुडवलं आणि सोडलं. चिलट आत! पाठोपाठ माझा दोन घोट चहाही.

“बघितलंस? हेच तंत्र.”

“आणि चहा?”

“झाड पाणी बाहेर टाकतं,” म्हणत त्यांनी ड्रॉपर माझ्याच कपात पिळला. चहा आला. चिलटही आलं.

अण्णा क्षणभर कपात बघत राहिले. “फिल्टर राहिला,” म्हणाले आणि चिलटाचं माप घ्यायला व्हर्नियर काढला.